सायलेन्सरची जाळी: चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यांवरील आवाज आणि जोर

पूर्वीचा चांदा जिल्हा, म्हणजे आजचे चंद्रपूर आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून वेगळे झालेले गडचिरोली, हा वैनगंगा, प्राणहिता आणि इंद्रावती यांच्या पाणलोटात पसरलेला वनप्रदेश असून, त्याच्या पूर्व व दक्षिण भागात आगगाडी जवळजवळ पोहोचलीच नाही. गडचिरोली जिल्ह्याच्या वाट्याला दीर्घकाळ वडसा हे एकच स्थानक होते. त्यामुळे ज्या काळात एसटीची एखाद-दुसरी फेरी हाच बाहेरच्या जगाशी दुवा होता, त्या काळात शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेवक, वनकर्मचारी आणि आठवडी बाजार करणारे व्यापारी यांच्या हाती आलेली मोटारसायकल ही चैनीची वस्तू नसून कामाचे साधन होते, आणि तिच्या सायलेन्सरविषयीच्या समजुतीही कामातूनच घडल्या. आवाज मोठा म्हणजे गाडीला जोर जास्त, ही त्यांतील सर्वांत चिवट समजूत होय. तिला आज अडाणीपणा म्हणून निकालात काढले जाते. परंतु तिच्या मागे एका विशिष्ट यंत्राचा खरा अनुभव होता आणि ते यंत्र बदलल्यानंतरही समजूत तेवढी मागे राहिली.

इंजिनात इंधनाचा स्फोट झाल्यावर उरलेला तप्त वायू एक्झॉस्टच्या तोंडातून बाहेर पडतो तेव्हा त्याचा दाब भोवतालच्या हवेपेक्षा बराच अधिक असतो, आणि हा दाब एकाएकी मोकळा झाल्याने जी दाबाची लहर निर्माण होते तोच आवाज. अमेरिकेतील मिल्टन आणि मार्शल रीव्हज या बंधूंनी १८९७ मध्ये इंजिनासाठीच्या सायलेन्सरचे पेटंट घेतले, तेव्हापासून या साधनाचे मूळ तत्त्व फारसे बदललेले नाही: वायूला मोठ्या पोकळीत पसरू द्यावे, छिद्रे पाडलेल्या नळ्यांतून व आडव्या पडद्यांतून वळवावे, आणि लहरींना एकमेकींवर आपटून क्षीण होऊ द्यावे. अडचण अशी की वायूच्या वाटेत जितके अडथळे घालावेत तितका त्याला बाहेर ढकलण्यासाठी इंजिनाचा जोर खर्ची पडतो. हा उलटा दाब आणि आवाज यांचा मेळ घालणे हेच सायलेन्सर बनविणाऱ्याचे काम असते.

भारतात हा मेळ सर्वसामान्यांच्या हाती आला तो टू-स्ट्रोक इंजिनाबरोबर. पोलंडच्या एसएचएल एम-११ या गाडीच्या आराखड्यावर एस्कॉर्ट्स कंपनीने १९६२ पासून बनविलेली १७३ घनसेंटिमीटरची राजदूत, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून निघालेली जावा आणि १९७३ पासून तिचीच पुढची पिढी असलेली येझदी या गाड्यांनी ग्रामीण भारतातील कच्चे रस्ते काबीज केले. जेमतेम साडेसात अश्वशक्तीची राजदूत वेगवान नव्हती, परंतु दुरुस्तीला सोपी आणि ओझ्याला चिवट होती. टू-स्ट्रोक इंजिनात झडपा नसतात. पिस्टन स्वतःच सिलिंडरच्या भिंतीतील खिडक्या उघडतो व मिटतो, आणि वंगण म्हणून पेट्रोलमध्येच लीटरमागे सुमारे ४० ते ५० मिलिलिटर ऑईल मिसळावे लागते. हे तेल पुरते जळत नाही. त्याचा काही भाग निळसर धूर होऊन बाहेर जातो आणि उरलेला भाग सायलेन्सरच्या आतील जाळीवर, म्हणजे छिद्रे पाडलेल्या आतल्या नळीवर, काळ्या चिकट थरासारखा बसत जातो.

खराब रस्त्यावर दोन माणसे व वर धान्याचे पोते घेऊन पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालणारी गाडी हा थर लवकर जमवी, कारण मंद चालीत सायलेन्सर पुरेसा तापत नाही आणि साचलेला कार्बन जळून जात नाही. छिद्रे बुजत गेली की गाडीचा आवाज घोगरा व दबका होई, चढावर ती दम टाकी, पेट्रोल जास्त पिई. मग मिस्त्री सायलेन्सरच्या शेपटाकडचा स्क्रू सोडून पक्कडीने जाळी ओढून काढी. तीवर रॉकेल टाकून ती पेटवून देई. लाल होईपर्यंत जळल्यावर ठोकून खरपुडी पाडी आणि तारेने एकेक छिद्र मोकळे करी. काही ठिकाणी जाळी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवण्याची रीत होती. जाळी परत बसविल्यावर गाडीचा आवाज खुले आणि त्याच क्षणी तिची ओढही परत येई. कान आणि मूठ या दोहोंना एकाच वेळी मिळालेला हा पुरावा होता. त्यातून मोकळा आवाज म्हणजे मोकळा जोर असा निष्कर्ष काढणाऱ्यास दोष देता येत नाही. पुढचे पाऊल मात्र चुकीचे होते. साफ केलेल्या जाळीने एवढा फरक पडतो तर जाळी काढूनच टाकल्यास अधिक पडेल, असे मानून अनेकांनी ती कायमची काढली, आणि त्यांना आवाज भरपूर मिळाला तरी मंद चालीतील ताकद गमवावी लागली.

असे का होते, याचे उत्तर पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्याचा अभियंता वाल्टर काडेन याने १९५० च्या दशकात शर्यतीच्या गाड्यांवर काम करताना व्यवहारात सिद्ध केले. टू-स्ट्रोक इंजिनात जळका वायू बाहेर जाताना ताजे मिश्रणही त्याच्यामागे निसटते. काडेनने नळी आधी रुंदावत नेऊन नंतर पुन्हा निमुळती केली. रुंदावणाऱ्या भागातून परतणारी लहर ओढ निर्माण करून सिलिंडर रिकामा करते, आणि निमुळत्या टोकावर आपटून परतणारी लहर निसटलेले मिश्रण खिडकी मिटण्यापूर्वी पुन्हा आत ढकलते. १९६१ पर्यंत त्याच्या १२५ घनसेंटिमीटरच्या इंजिनाने लीटरमागे २०० अश्वशक्तीचा टप्पा गाठला होता. त्याच वर्षी त्याचा स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधील शर्यतीनंतर पळून पश्चिमेकडे गेला, ही विद्या त्याच्याबरोबर सुझुकी कंपनीकडे पोहोचली आणि पुढे जपानी गाड्यांच्या रूपाने जगभर पसरली. भारतात १९८५ मध्ये आलेली यामाहा आरएक्स-१०० ही ९८ घनसेंटिमीटरच्या इंजिनातून ११ अश्वशक्ती काढणारी गाडी या विद्येचेच फळ होते. अशा गाडीत सायलेन्सर हा इंजिनाला जोडलेला उपरा डबा राहत नाही, तो इंजिनाचाच अवयव होतो. त्याचा आकार बिघडविणे म्हणजे इंजिन बिघडविणे. मोटार वाहन नियमांत सायलेन्सरची व्याख्या करताना पोकळीद्वारे अथवा अन्य रीतीने आवाज कमी करणारे साधन असे म्हटले आहे, आणि काडेनने नेमक्या त्या पोकळीतूनच जोर काढला होता.

या प्रदेशातील नद्या-नाल्यांनी सायलेन्सरला आणखी एक काम दिले होते. विदर्भात रपटा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ठेंगण्या पुलावरून पाणी वाहत असताना गाडी काढायची तर मूठ पिळलेली ठेवावी लागते, कारण बाहेर पडणाऱ्या वायूचा जोर पाण्याला नळीत शिरू देत नाही. मध्येच इंजिन बंद पडले तर पाणी सायलेन्सरमधून आत चढते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटण्याच्या बातम्या आजही दरवर्षी येतात, त्यावरून ही सवय किती गरजेची होती हे ध्यानी येते.

फोर-स्ट्रोक गाडीने हे सारे गणित बदलले. १९८५ मध्ये आलेल्या हिरो होंडा सीडी-१०० या गाडीत पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागत नव्हते, त्यामुळे जाळी बुजण्याचा प्रश्न बहुतांशी संपला आणि शांत सायलेन्सर असूनही गाडी पेट्रोल कमी खात होती. जोर आणि आवाज यांची फारकत येथे प्रथमच लोकांच्या प्रत्ययास आली. तरीही जुनी समजूत मेली नाही. ती बुलेटच्या आश्रयाला गेली. १९५५ पासून मद्रासमध्ये जुळणी होऊ लागलेल्या बुलेट ३५० चे जुने इंजिन ७० मिलिमीटर व्यासाचे आणि ९० मिलिमीटर लांब धावेचे असून ते सुमारे १८ अश्वशक्ती देई. त्याची खरी मातब्बरी मंद चालीतील ओढीत होती, वेगात नव्हती. याच गाडीभोवती सायलेन्सरचा एक स्वतंत्र बाजार उभा राहिला, ज्यात पंजाब, इंदौरी, लाँग बॉटल, शॉर्ट बॉटल, मेगाफोन आणि बीएसए कंपनीच्या गाडीवरून नाव घेतलेला गोल्डस्टार असे प्रकार विकले जातात.

फोर-स्ट्रोक इंजिनात एक्झॉस्टची झडप मिटण्यापूर्वीच मिश्रण घेणारी झडप उघडू लागते, आणि या क्षणभराच्या उघडझापीत नळीतून वेगाने जाणारा वायू आपल्यामागे ताजे मिश्रण खेचून घेतो. नळी फार रुंद वा अगदी उघडी केली की मंद फेऱ्यांना वायूचा वेग पडतो आणि ही मदत कमी होते. शिवाय कार्ब्युरेटरचा जेट न बदलल्यास मिश्रणात पेट्रोल कमी पडून इंजिन तापते. म्हणजे चंद्रपूर ते सिरोंचा असा लांबचा प्रवास सामानासह करणाऱ्याला ज्या मधल्या फेऱ्यांत ताकद हवी असते, तेथेच उघडा सायलेन्सर त्याला दगा देण्याचा संभव अधिक. चालत्या गाडीत इग्निशन बंद-चालू करून काढलेले फटाके तर न जळलेले पेट्रोल नळीत पेटल्याचे आवाज असतात; तो जोर चाकाला मिळालेलाच नसतो.

कायद्याने या प्रश्नातील आवाजाचीच बाजू विचारात घेतली. २००५ पासून नव्या दुचाकींसाठी ८० घनसेंटिमीटरपर्यंत ७५, १७५ पर्यंत ७७ आणि त्यापुढे ८० डेसिबल अशी मर्यादा आहे. डेसिबल हे लघुगणकी माप असल्याने १० डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट होणे होय, त्यामुळे ८० वरून ९० वर जाणे दिसते तितके किरकोळ नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाजाच्या मर्यादा मोडणाऱ्यास पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. राज्यातील अनेक शहरांत जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडण्याचे जाहीर कार्यक्रमही झाले, ज्यांत बंदोबस्तापेक्षा तमाशाचा भाग थोडा अधिक असतो.

शहरात हा आवाज झोपेचा व रुग्णांचा प्रश्न ठरतो. अरण्यात त्याला वेगळे परिमाण येते. १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेले ताडोबा आणि १९८६ चे अंधारी अभयारण्य मिळून १९९५ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाला. त्याच्या गाभ्यात पर्यटकांच्या दुचाकींना प्रवेश नसला तरी मोहर्लीकडे जाणारा रस्ता आणि चंद्रपूर-मूल मार्ग रानातूनच जातात. तेथील वाटाडे वाघाचा माग सांबराच्या आणि माकडाच्या इशाऱ्यावरून काढतात, आणि तो ऐकू येण्यासाठी पहिली अट म्हणजे गाडीचे इंजिन बंद हवे. अमेरिकेतील आयडाहो राज्यात रस्ता नसलेल्या डोंगरावर केवळ वाहतुकीचा ध्वनिमुद्रित आवाज लावून केलेल्या प्रयोगात पक्ष्यांची संख्या चतुर्थांशाहून अधिक घटल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. माती, धूर, धोका यांपैकी काहीही तेथे नव्हते.

अरण्यातील आवाजाच्या बाबतीत कायद्याच्या मापाची एक मर्यादा उघड होते. डेसिबलचे प्रचलित माप मानवी कानाच्या संवेदनेप्रमाणे जुळविलेले असल्याने खोल, जड आवाज त्यात कमी मोजला जातो. एका सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्या घेत असेल तर सेकंदाला २५ स्फोट होतात. बुलेटच्या ठोक्याचा पाया एवढा खालचा असतो, आणि असा आवाज पानोळ्यात व हवेत सहज शोषला जात नसल्याने दूरवर जातो. आशियाई हत्ती याच पट्ट्यातील, माणसाला जेमतेम ऐकू येणारे आवाज एकमेकांना साद घालण्यासाठी वापरतात, हे संशोधक केटी पेन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले होते. आणि २०२१ मध्ये छत्तीसगडमधून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला तेव्हापासून या जिल्ह्याच्या रस्त्यांलगत तसे कानही आले आहेत. भारत स्टेज-६ या उत्सर्जन-मानकाच्या नव्या गाड्यांत सायलेन्सरच्या मार्गातच उत्प्रेरक आणि ऑक्सिजन मोजणारा संवेदक असल्याने सायलेन्सर काढून दुसरा बसविणे आता धुराच्या नियमांनाही बाधते, परंतु या खालच्या पट्ट्यातील आवाजासाठी वेगळी मर्यादा आवाजाच्या नियमांत नाही.