कॅनडाच्या थंडीसाठी बूट घेताय? 'उणे ४०'चं लेबल सगळ्यात शेवटी बघा

पोरगं शिकायला कॅनडाला निघालं की घरात याद्या सुरू होतात. छोटा कुकर, गोडा मसाला, मेतकूट, थर्मलचे दोन जोड, जाडजूड जॅकेट. मग कुणीतरी विचारतं, "अरे, आणि बूट?" झालं, सगळे मोबाईलवर बूट शोधायला बसतात. ज्याच्या लेबलवर 'उणे ४० पर्यंत चालेल' असं लिहिलंय तोच सगळ्यात भारी, असं ठरवून विषय संपतो.

पण तिथे गेल्यावर कळतं की उणे ४० सोसणाऱ्या बुटातही मोजे ओले होतात आणि पाय घसरायचा तो घसरतोच.

नव्याने गेलेल्या विद्यार्थ्याकडे बहुतेक वेळा गाडी नसते. कॉलेज, पार्ट टाइम काम, किराणा, सगळं पायी किंवा बसने. चार-पाच महिने रोज एकच जोड पायात. बर्फावर घसरून मनगट मोडलं तर तेवढे दिवस कामाचे पैसे बंद. म्हणून हा विषय फॅशनचा नाही, बजेटचा आणि हाडांचा आहे.

तर बूट निवडताना नेमकं काय बघायचं?

आधी शहर बघा

'कॅनडाची थंडी' असं एकच काही नसतं. व्हँकुव्हरमध्ये हिवाळा म्हणजे मुख्यतः पाऊस. तिथे बर्फापेक्षा पाण्याचा त्रास जास्त. विनिपेगला जानेवारीचं सरासरी तापमान उणे १६ च्या आसपास असतं आणि थंडी कोरडी असते. तिथे उबदारपणा पहिल्या नंबरवर. माँट्रियलला हिवाळाभरात साधारण दोन मीटर बर्फ पडतो, म्हणजे बूट घोट्याच्या बराच वर हवा.

टोरंटोची तऱ्हा वेगळी. तिथे तापमान शून्याच्या आसपास खालीवर होत राहतं. दिवसा बर्फ वितळतो, रात्री पुन्हा गोठतो. रस्त्याच्या कडेला बर्फ, पाणी आणि मीठ यांचा राखाडी चिखल साचतो, त्याला तिकडे 'स्लश' म्हणतात. सिग्नलला रस्ता ओलांडताना पाय थेट त्यात जातो. इथे उणे ४० वाल्या बुटापेक्षा पाणी आत न घेणारा, मध्यम उबेचा बूट जास्त कामाचा.

ऊब टिकवायची तर पाय कोरडा हवा

पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. म्हणून मोजा ओला झाला की कितीही जाड अस्तर असलं तरी पाय गारठतो.

लेबल वाचताना 'वॉटरप्रूफ' आणि 'वॉटर रेझिस्टंट' यातला फरक लक्षात ठेवा. दुसऱ्याचा अर्थ एवढाच की थोडे शिंतोडे सोसेल. चिखलात उभं राहिलात तर पाणी आत येणार.

पाणी अडवायचे तीन मुख्य प्रकार आहेत.

पहिला, पूर्ण रबर. मनालीला बर्फ बघायला गेलेल्यांनी भाड्याचे गमबूट घातलेच असतील. पाणी आत येत नाही, पण घामही बाहेर जात नाही. तासाभराने आतून ओलं.

दुसरा, खाली रबर आणि वर चामडं. हा प्रकार लोकप्रिय केला अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या एल. एल. बीन या शिकारीच्या शौकीन माणसाने. १९१२ साली त्याने १०० जोड विकले आणि त्यातले ९० परत आले, कारण चामडं आणि रबर यांचा जोडच सुटला. त्याने पैसे परत केले, रचना सुधारली आणि पुन्हा विकायला सुरुवात केली. आजही असा बूट घेताना सगळ्यात आधी तोच जोड तपासायचा असतो.

तिसरा, आतून मेम्ब्रेन म्हणजे पातळ पडदा लावलेला बूट. गोर-टेक्स हे त्यातलं गाजलेलं नाव. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्याच जातीचं प्लास्टिक झटक्यात ताणून हा पदार्थ बनवला. त्यातली छिद्रं इतकी बारीक असतात की पाण्याचा थेंब आत येऊ शकत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाते. रोज चालणाऱ्यांसाठी हा प्रकार सोयीचा, फक्त किंमत जास्त.

प्रकार कुठलाही असो, नाड्यांखालची जीभ दोन्ही बाजूंनी बुटाला शिवलेली आहे का, ते बघा. ती सुटी असेल तर बूट वॉटरप्रूफ असूनही पाणी तिथूनच शिरतं.

ग्रॅमचा हिशोब

बुटावर २००, ४००, ६०० ग्रॅम असे आकडे असतात. हे बुटाचं वजन नव्हे. आतल्या इन्सुलेशनचं एका चौरस मीटरमागे वजन किती, ते हा आकडा सांगतो. थिन्सुलेटसारखं इन्सुलेशन बारीक धाग्यांमध्ये हवा अडकवून ठेवतं आणि ती अडकलेली हवाच पाय उबदार ठेवते.

ढोबळ हिशोब असा: सतत चालणं होत असेल तर २०० ग्रॅम पुरतं. बस स्टॉपवर पंधरा-वीस मिनिटं उभं राहावं लागत असेल तर ४००. विनिपेगसारखं शहर किंवा तासन्तास बाहेर उभं राहायचं काम असेल तर त्याच्या वर. आणि दिवसभर हीटर लावलेल्या वर्गात बसायचं असेल, तर ८०० ग्रॅमच्या बुटात पायाला घाम येणार आणि परत बाहेर पडल्यावर तोच घाम पाय गार करणार.

मग उणे ४०चं काय? साध्या, रोजच्या वापराच्या बुटांवरचा हा आकडा कंपनी आपापल्या पद्धतीने ठरवते. त्यामुळे एका कंपनीच्या उणे ३० ची दुसरीच्या उणे ४० शी तुलना करता येत नाही. शिवाय माणूस चालतोय की उभा आहे, मोजे कुठले आहेत, वारा किती आहे, यावर सगळं बदलतं.

मोजे सुती नकोत, लोकरीचे घ्या. सुती मोजा घाम धरून ठेवतो. आणि दोन जोड मोजे कोंबून बूट घट्ट करू नका. आतली हवा दबते, रक्तपुरवठा कमी होतो आणि पाय उलट जास्त गार पडतो. बूट घातल्यावर बोटं हलली पाहिजेत.

घसरणं: लेबलवर न दिसणारी गोष्ट

टोरंटोच्या 'टोरंटो रिहॅब' या पुनर्वसन संस्थेच्या संशोधकांकडे विंटरलॅब नावाची प्रयोगशाळा आहे. तिथे खोलीची जमीनच खऱ्या बर्फाची. माणसाला वरून पट्ट्यांनी सुरक्षित बांधतात, बूट घालून चालायला लावतात आणि जमीन हळूहळू तिरकी करत जातात. पाय कुठल्या अंशाला घसरतो, ते मोजतात.

७ अंशांच्या उतारावर जो बूट टिकतो त्याला एक हिमकण, म्हणजे एक स्टार समजा. त्याहून जास्त उतारावर टिकला तर दोन किंवा तीन. २०१६ मध्ये त्यांनी ९८ प्रकारच्या बुटांचे निकाल जाहीर केले, तेव्हा फक्त ८ टक्के बूट या परीक्षेत पास झाले. हे निकाल 'रेट माय ट्रेड्स' या वेबसाइटवर फुकट बघता येतात. बूट घेण्याआधी तिथे नाव टाकून बघणं हे पाच मिनिटांचं काम आहे.

सोलच्या खोल खाचा मऊ बर्फात उपयोगी पडतात, पण गुळगुळीत गोठलेल्या बर्फावर खरा फरक रबराच्या प्रकाराने पडतो. थंडीत कडक होणारं रबर घसरतं, मऊ राहणारं पकडून ठेवतं. पदपथ फारच गोठला असेल तर बुटावर चढवायचे खिळ्यांचे पट्टे मिळतात. फक्त मेट्रो स्टेशनच्या किंवा मॉलच्या फरशीवर जाण्याआधी ते काढायचे, नाहीतर तिथेच आपटाल.

बूट किती टिकेल, हे मीठ ठरवतं

कॅनडात दरवर्षी सुमारे ५० लाख टन मीठ रस्त्यांवर टाकलं जातं, बर्फ वितळावा म्हणून. हेच मीठ बुटाचं चामडं कोरडं करतं, मग ते तडकतं. घरी आल्यावर ओल्या फडक्याने बूट पुसणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. पांढरे डाग पडलेच तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसायचं.

ओले बूट हीटरला टेकवून वाळवू नका. चामडं आखडतं आणि सोलचा गोंद सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा. आतलं अस्तर निघणारं असेल तर ते काढून वेगळं वाळवता येतं, म्हणून रोजच्या वापराला असा बूट बरा. चेनचा बूट घालायला सोपा, पण चेन बिघडली की तो निकामी. नाडी तुटली तर नवीन ओवता येते.

घ्यायचा कुठे?

शक्यतो तिकडे पोहोचल्यावर, पायात घालून. दुपारनंतर जा, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो, आणि मोजे हिवाळ्याचेच घाला. साइजचा घोळ टाळा. भारतात साधारण ब्रिटिश नंबर चालतात, तिकडे अमेरिकन. पुरुषांचा इथला ८ म्हणजे तिथला साधारण ९. बायकांच्या बुटात फरक साधारण दोन नंबरांचा.

सप्टेंबरमध्ये पोहोचणाऱ्यांकडे निवांत वेळ असतो. जानेवारीत जाणाऱ्यांनी विमानतळावरून घरी जाण्यापुरते जाड सोलचे साधे बूट आणि लोकरीचे मोजे घालावेत आणि पहिल्या एक-दोन दिवसांत खरेदी उरकावी. तोवर २६ डिसेंबरच्या बॉक्सिंग डेपासूनचे सेलही बरेचदा चालू असतात. सेकंडहँड बूट घ्यायला हरकत नाही, पण सोल वाकवून बघा. जिथे पाय दुमडतो तिथे बारीक भेगा दिसल्या तर तो कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या.

थोडक्यात, दुकानात उभं राहिल्यावर क्रम असा ठेवा: पाणी अडतंय का, पाय घसरतोय का, बोटं हलतायत का, आणि आपल्या शहराला ऊब पुरतेय का. चारही उत्तरं मनासारखी आली की मग लेबलवरचा उणे ४० वाचायला हरकत नाही.