सुगम गाण्यामागची तालीम

‘गाणे आवडते, पण शास्त्रीय संगीत कळत नाही,’ असे संकोचाने सांगणारे रसिक महाराष्ट्रात घरोघरी आहेत. हे पुस्तक त्यांच्यासाठी आहे. रागाचे नाव न ओळखणाऱ्या कानानेही रेडिओवर, गणेशोत्सवात, पहाटेच्या भक्तिगीतांत कसून तालीम झालेले गळे ऐकलेले असतात. त्या ऐकण्याला थोडी दिशा द्यावी, एवढाच येथे हेतू आहे.

मैफल आणि भावगीत यांच्यात आपल्याकडे सतत येजा राहिली. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झाले. त्याचे संगीतकार सुधीर फडके कोल्हापुरात वामनराव पाध्यांकडे शिकलेले. सीतेची अनेक गीते गाणाऱ्या माणिक वर्मांना सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्याकडून किराणा घराण्याची तालीम मिळालेली. याच गीतमालेत गायलेले वसंतराव देशपांडे पुढे १९६७ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ या संगीत नाटकातले खाँसाहेब झाले. लता मंगेशकरांनी पहिले धडे वडिलांकडे, मास्टर दीनानाथांकडे घेतले. नंतर भेंडीबाजार घराण्याच्या उस्ताद अमान अली खाँकडे त्या शिकल्या. माइकसमोर श्वास कुठे घ्यावा, हे मात्र त्यांना संगीतकार अनिल विश्वासांनी शिकवले. घराण्याची विद्या आणि स्टुडिओची विद्या अशा एका गळ्यात नांदल्या.

ही तालीम केवळ तानेत शोधू नये. तीन-चार मिनिटांच्या गाण्यात तानेला जागा थोडी; तिथे सुराचा लगाव, दमसास आणि शब्द न मोडता घेतलेली मुरकी यांचा कस लागतो. माणिक वर्मांचे ‘सावळाच रंग तुझा’ लावा. एकच कडवे तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त शब्द. दुसऱ्यांदा श्वास कुठे घेतला, ते. तिसऱ्यांदा एका सुरावरून दुसऱ्यावर गळा कसा जातो, ते. मिंडेने सरकत की थेट उतरत. हे तिसरे ऐकणे म्हणजेच शास्त्रीय संगीताचा उंबरठा.

वाचकांनी हे पुस्तक सलग वाचण्याची घाई करू नये. प्रत्येक प्रकरणाआधी त्यातले एक तरी गाणे ऐकावे, मगच पान उलटावे. परिभाषा अडली तर पुढे जावे. कान तयार झाला की शब्दांचा अर्थ आपोआप लागतो. ज्या गाण्यांवर तुम्ही इतकी वर्षे प्रेम केलेत, त्यांनीच तुमची पहिली तालीम केव्हाच करून घेतली आहे.