यंत्राकडून घेतलेली संथा

फ्रेंच भाषा वाचावयास शिकणें आणि ती बोलावयास शिकणें हीं दोन निराळीं कामें आहेत. पक्षी ह्या अर्थाचा फ्रेंच शब्द सहा अक्षरांनीं लिहितात. उच्चार मात्र 'वाझो' एवढाच. उलट हिरवा, कांच, किडा आणि 'कडे' ह्या अर्थांचे चार शब्द चार तऱ्हांनीं लिहिले जातात, पण कानाला चारहि 'व्हेर' असेच ऐकूं येतात. मराठी विद्यार्थ्यानें उच्चार देवनागरींत टिपून घेतले तरी अडचण पुरती सुटत नाहीं. मद्य, वारा आणि 'जातात' ह्या अर्थाच्या तीन शब्दांत भेद आहे तो केवळ नाकांतून निघणाऱ्या स्वराचा. कोंकणी बोलणाऱ्याच्या तोंडीं सानुनासिक स्वर असतात, म्हणून त्याला ही वाट थोडी सोपी. परंतु नेमका स्वर त्यालाहि कानानेंच घ्यावा लागतो.

एकोणिसाव्या शतकांत युरोपांतील बहुतेक शाळांत जिवंत भाषाहि लॅटिनच्या धर्तीवर शिकवीत: व्याकरणाचे नियम, शब्दांच्या याद्या आणि भाषांतर. १८८२ सालीं विल्हेल्म फीटॉर ह्या जर्मन पंडितानें ह्या पद्धतीवर कडक टीका करणारी पुस्तिका काढली आणि बोलण्याला अग्रस्थान मागितलें. १८८६ सालीं पॅरिस येथें पॉल पासी ह्याच्या पुढाकारानें भाषाशिक्षकांची एक संस्था निघाली. तिच्यांतूनच पुढें आंतरराष्ट्रीय उच्चारलिपि तयार झाली. तथापि चिन्ह कितीहि नेमकें असलें तरी तें मुकेंच असतें.

हा मुकेपणा घालविणारें यंत्र त्यापूर्वींच जन्मास आलें होतें. एडिसननें १८७७ सालीं फोनोग्राफ सिद्ध केला आणि पुढच्याच वर्षीं एका लेखांत त्याचे संभाव्य उपयोग सांगितले. भाषांचे उच्चार जसेच्या तसे जतन करणें हा त्यांपैकीं एक होता. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंतील स्क्रॅन्टन येथील पत्रद्वारा शिक्षण देणाऱ्या संस्थेनें हें यंत्र भाषाशिक्षणास लावलें. विद्यार्थ्याला मेणाच्या नळकांड्यांवर फ्रेंच धडे मिळत. त्याच यंत्रावर कोऱ्या नळकांड्यावर तो आपलें पठण मुद्रित करी व टपालानें धाडी. शिक्षक तें ऐकून चुका कळवी. ह्या योजनेंत विद्यार्थ्याला कान मिळाला आणि त्याच्या तोंडाला ऐकणाराहि मिळाला.

लंडन येथें जाक रॉस्टन ह्यानें १९०१ सालीं लिंग्वाफोन ही संस्था स्थापिली. तिनेंहि नळकांड्यांपासून प्रारंभ केला. पुढें मात्र तबकड्यांचा काळ आला. एका सांच्यावरून पुष्कळ तबकड्या निघत, त्या सहज पाठवितां येत, आणि घरोघरीं ग्रामोफोन असे. एका बाजूस सुमारें तीन मिनिटेंच मावत, म्हणून धडेहि आटोपशीर झाले. परंतु ह्या लाभाबरोबर एक हानि झाली. घरच्या ग्रामोफोनवर आवाज ऐकतां येई, मुद्रित करतां येत नसे. विद्यार्थ्यानें शंभर वेळां चुकीचा उच्चार केला तरी तबकडी शंभर वेळां तेंच वाक्य त्याच प्रसन्न स्वरांत म्हणे.

दुसऱ्या महायुद्धानंतर चुंबकीय फितीनें हें चित्र पालटलें. फ्रान्समध्यें १९५० नंतरच्या वर्षांत जॉर्ज गूगनहाइम ह्याच्या मार्गदर्शनाखालीं २७५ लोकांचें साधें बोलणें फितीवर घेतलें गेलें. त्यांतील ३ लाख १२ हजारांवर शब्द मोजले, तेव्हां एक मौजेची गोष्ट आढळली. 'असणें', 'करणें' अशीं क्रियापदें पदोपदीं येत. पण कांटा-चमचा यांसारख्या, प्रत्येकास ठाऊक असलेल्या वस्तूंचीं नांवें क्वचितच येत, कारण त्या वस्तूंचा विषय निघाल्यावांचून तीं उच्चारलींच जात नाहींत. म्हणून अशा शब्दांची यादी निराळी करावी लागली. शिकविण्याची भाषा बोलणाऱ्याच्या तोंडून घ्यावी, हें तत्त्व येथें प्रत्यक्षांत आलें.

ह्याच सुमारास पॉल पिम्सलर (१९२७-१९७६) हा फ्रेंचचा अमेरिकन प्राध्यापक दुसऱ्या प्रश्नाच्या मागें होता: ऐकलेला शब्द मुखांत टिकतो कसा? त्याचा उपाय असा कीं, नवा शब्द पांच सेकंदांनीं, मग पंचवीस सेकंदांनीं, मग दोन मिनिटांनीं, मग दहा मिनिटांनीं, अशा वाढत्या अंतरानें विचारावा. त्याच्या अर्ध्या तासाच्या धड्यांत शब्द शेवटाकडून बांधीत नेतात: 'ने', मग 'प्रने', मग 'कोंप्रने', म्हणजे 'समजतां'. सर्वांत महत्त्वाची त्या धड्यांतील शांतता. प्रश्न येतो, आवाज थांबतो, आणि उत्तर विद्यार्थ्यानें स्वतः काढावयाचें असतें. बरोबर उत्तर मागाहून ऐकूं येतें. तबकडीच्या काळांतील निव्वळ श्रोता येथें बोलणारा झाला. त्याचा पहिला अभ्यासक्रम, ग्रीक भाषेचा, १९६३ सालीं निघाला. त्याच वर्षीं फिलिप्सनें लहान कॅसेट बाहेर आणली आणि असे धडे खिशांत नेण्याची सोय झाली.

वेदपाठशाळेंतील संथा ही ह्या सर्वांहून फार जुनी रीत. गुरूनें म्हणावें, शिष्यानें त्यामागून म्हणावें, आणि स्वर चुकतांच गुरूनें तेथेंच थांबवावें. म्हणणें, म्हणवून घेणें आणि थांबविणें, ह्या तिन्ही क्रिया तींत एकत्र आहेत. यंत्राला पहिली एडिसनच्या काळींच साधली व दुसरी पिम्सलरच्या धड्यांत. तिसरी टपालाच्या मार्गानें एकदां साधून तबकडीबरोबर सुटली. आतां मोबाइल विद्यार्थ्याचा उच्चार ऐकून चूक दाखवूं लागला आहे, म्हणजे तीहि परत येत आहे.

तरी एक वाण राहतेंच. मुद्रित धड्यांतील दुकानदार नेहमीं अपेक्षित उत्तर देतो. पॅरिसमधील खरा दुकानदार तसें करीलच असें नाहीं. तो भरभर बोलेल, शब्द गिळील, विनोद करील. त्या क्षणीं न गोंधळतां 'पुन्हां सांगा' एवढें शुद्ध फ्रेंचमध्यें म्हणतां आलें, म्हणजे यंत्रानें आपलें काम केलें. पुढील संथा त्या दुकानदाराकडूनच घ्यावयाची असते.