वारसा एक, दुखणी दोन
सिकलसेलचा इतिहास आपण सनावळीनं शिकतो. १९१० मध्ये शिकागोच्या हेरिक यांनी विळ्यासारख्या रक्तपेशी नोंदल्या. १९४९ मध्ये पॉलिंग यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत दाखवला. १९५२ मध्ये तो निलगिरीतल्या आदिवासींत सापडला. पण खांडबाऱ्याच्या आदिवासी पट्ट्यात प्रश्न उरतोच: आईबाप तेच, आजार तोच, तरी एक भाऊ सांधेदुखीनं आडवा आणि दुसरा नुसता अंथरूण ओलं करतो, असं का? गर्भातलं हिमोग्लोबिन जन्मानंतर कुणात जास्त टिकतं, कुणात कमी, हे एक कारण. आणि ओलं अंथरूण? आजारात मूत्रपिंडाला लघवी दाट करता येत नाही. आपण मात्र त्याला खोड म्हणतो, पोराला रागावतो. आधी रक्त तपासू या, मग बोलू.