प्लेगच्या जंतूची युद्धनीति

इ. स. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे, रोगी ओळखले. पुण्यास रोग्यांची शुश्रूषा करितां करितां सावित्रीबाई फुले यांस १० मार्च १८९७ रोजीं याच रोगानें मरण आलें. रोगाचा जंतु येर्सिन यांनीं हाँगकाँग येथें १८९४ सालींच शोधिला होता. शत्रूचें रूप दिसलें होतें. त्याची युद्धनीति मात्र कोणासच ठाऊक नव्हती.

हाफकिन यांनीं मुंबईंत हे जंतु मांसरसांत वाढविले, उष्णतेनें मारिले आणि त्यांची लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजीं ती त्यांनीं स्वतःस टोचून घेतली. पुढल्या वर्षीं कराची येथें सिमों यांनीं प्रयोगानें दाखविलें कीं, उंदरांवरील पिसू हीच या रोगाची वाहक होय.

पिसवेच्या अंगाचें उष्णमान भोंवतालच्या हवेइतकें असतें. तेथें जंतु चिकट थर निर्माण करून तिचा अन्नमार्ग बुजवितात. भुकेली पिसू मग पुनः पुनः चावते आणि दंशाबरोबर जंतु माणसाच्या देहांत उतरतात. तेथें उष्णमान ३७ अंश सेंटिग्रेड. ही ऊबच त्यांस शस्त्रें उपसण्याचा इशारा देते.

श्वेतकण परकी जंतूंस गिळतात, हें मेचनिकॉफ यांनीं दाखवून दिलें होतें. नुकतेच आलेले जंतु निःशस्त्र असल्यामुळें त्यांतील पुष्कळ असेच नष्ट होतात. परंतु मोठ्या जातीच्या श्वेतकणांनीं गिळलेले कांहीं जंतु आंतच जगतात, वाढतात आणि अंगावर कवच चढवून बाहेर पडतात. मग ते सुईसारख्या नळीनें श्वेतकणांत द्रव्यें टोचून त्यांस लुळे करितात. आपल्या आवरणांतील स्निग्ध द्रव्याची घडणहि ते बदलतात. त्यामुळें देहाचे पहारेकरी वेळेवर हांक देत नाहींत. जांघेंत गांठ उठते, ताप भरतो, तोंवर शत्रु घरांत ठाण मांडून बसलेला असतो.

हाफकिन यांस यांतील बहुतेक ज्ञात नव्हतें. तरीहि देहास शत्रूची ओळख आधींच करून द्यावी, हा त्यांचा विचार खरा ठरला. लसीनें पूर्ण अभय मिळालें नाहीं, पण टोचून घेतलेल्यांत रोग कमी आढळला. १९४३ सालीं स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि पुढें वेळेवर उपचार झालेले रोगी वांचूं लागले. जंतु ज्या अवधींत चोरपावलांनीं वाढतो, तोच अवधि वैद्यासहि मिळतो. तो दवडिला, तर उत्तम औषधहि फोल ठरतें.