जय भीम म्हणणारा पाहुणा



रामदासपेठेतल्या दवाखान्यांच्या पायऱ्यांवर बाहेरगावची माणसं बसलेली दिसतात. ‘कुठले हो तुम्ही?’ म्हणून विचारतात, गाव जवळपासचं निघालं की डबा उघडतो, पिशवी सांभाळायला दिली जाते. गाव कळलं की माणसाचा पत्ता लागतो. त्यानं फसवलं तर निरोप कुणाकडे धाडायचा, हे ठाऊक असतं.

पण खरी ओळख सांगितली की ज्यांना दार बंद होई, त्यांनी काय करावं? 1917 साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर गेले. कुठे जागा मिळेना, म्हणून पारशांच्या धर्मशाळेत वहीत पारशी नाव लिहून राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले पारशी दारात उभे! संध्याकाळपर्यंत जागा सोडायची होती. एक हिंदू मित्र, एक ख्रिस्ती मित्र, दोघांनीही टाळलं. मुंबईच्या गाडीपर्यंतचे पाच तास त्यांनी कामाठी बागेत काढले.

फार जुनं झालं म्हणाल. मी याच भागात खोली बघायला गेले, तेव्हा दलालानं आधी आडनाव विचारलं. मग म्हणाला, ‘कालच गेली हो.’

आपल्या नागपूरशेजारच्या कामठीला विडी कामगारांचे संघटक बाबू हरदास एल. एन. होऊन गेले. ‘जय भीम’ हे अभिवादन त्यांनी रूढ केलं, असं मानतात. 1939 साली, अवघ्या 35 व्या वर्षी ते गेले. पण त्या दोन शब्दांनी मोठं काम केलं. गाव वेगळं, बोली वेगळी, तरी माणूस कुठल्या दुःखातून आला ते लगेच कळे.

14 ऑक्टोबर 1956 ला धम्मदीक्षेसाठी लाखो माणसं नागपुरात आली. माझी आजी तेव्हा इंदोऱ्यात राहायची. तिच्या ओसरीवर मराठवाड्याकडचे सात जण उतरले. कुणी कुणाला कधी पाहिलेलं नव्हतं. ‘जय भीम’ झालं आणि तिनं चुलीवर मोठा गंज चढवला.

मी तिला एकदा विचारलं, दुसऱ्या जातीचा माणूस आला असता तर ठेवलं असतंस का? थोडा वेळ ती बोललीच नाही. मग म्हणाली, ‘त्याले माह्या ओसरीची कायची गरज? त्याले जागा होत्या.’ मला ते उत्तर पुरतं पटलं नाही, आजही नाही.

त्या सातांपैकी एका बाईचं पत्र पुढं कितीतरी वर्षं दसऱ्याच्या सुमारास यायचं. आजीला वाचता येत नसे, मी वाचून दाखवायची.