बंद बोली (हंगामी खेळाडूंसाठी)

हंगाम चालू असताना मोकळ्या खेळाडूसाठी प्रत्येक संघचालकाने इतरांना न कळवता आकडा नोंदवायचा, आणि मुदत संपल्यावर सर्वात मोठ्या आकड्याला तो खेळाडू द्यायचा, ही पद्धत. अमेरिकी फुटबॉलवर आधारित फँटसी लीगमध्ये ती विशेष रूढ आहे.

फँटसी खेळात खऱ्या सामन्यांतील कामगिरीवरून संघचालकाला गुण मिळतात. बिल विंकनबाख आणि सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये त्याचे फुटबॉलमधील रूप बेतले. आपल्या संघातला खेळाडू जखमी झाला, की न निवडलेल्यांतून एखाद-दोन आठवड्यांपुरता बदली खेळाडू शोधावा लागतो. त्यासाठी प्रत्येकाला पूर्ण हंगामाची, बहुधा १०० काल्पनिक डॉलरची, रक्कम मिळते. जिंकणाऱ्याची बोली तीतून वजा होते. हरणाऱ्याचे काही जात नाही.

खरी कसोटी शिल्लक राखण्याची. पहिली बोली ४० ची आणि दुसरी ९ ची असेल, तर १० मध्येही काम झाले असते. उरलेले ३० पुढे कमी पडतात. उघड लिलावात समोरचा थांबला की आपणही थांबतो, इथे तो किती ताणणार हे दिसत नाही. अर्थशास्त्रज्ञ विल्यम विकरी यांनी १९६१ मध्ये यावर उपाय मांडला : बोली बंदच ठेवावी, पण विजेत्याने दुसऱ्या क्रमांकाचीच किंमत द्यावी, मग मनातला खरा आकडा लिहिण्यात तोटा उरत नाही. १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. फँटसीत मात्र सहसा स्वतःचीच बोली भरावी लागते. म्हणून खेळाडू किती चांगला यापेक्षा त्याची निकड कोणाला आहे आणि त्याच्याकडे उरले किती, हे ओळखणारा सरस ठरतो. या खेळाचा उत्तम भाग हाच.

भारतात आयपीएलचा लिलाव २००८ पासून उघड आहे. मात्र २०१० मध्ये कायरन पोलार्डसाठी साडेसात लाख डॉलरच्या कमाल मर्यादेवर अनेक संघ अडले, तेव्हा बंद आकडे मागवून निकाल लागला आणि तो मुंबईकडे गेला. २०१२ मध्ये रवींद्र जडेजा याच मार्गाने चेन्नईत आला. मे २०२५ मध्ये थांबलेली स्पर्धा पुन्हा सुरू झाली, तेव्हा तात्पुरते बदली खेळाडू घेण्याची मुभा मिळाली. त्यांना पुढच्या हंगामासाठी कायम ठेवता येणार नव्हते. ते करार हंगामीच, पण बोलीविना झाले.

खेळाबाहेर, बुलढाणा जिल्ह्यात बोलीचा परिचय बाजार समितीतून होतो. रुमालाखाली बोटांच्या खुणांनी भाव ठरवण्याची जुनी रीत शेतकऱ्याला अंधारात ठेवी. नियंत्रित बाजारात उघड लिलाव आला. जिल्हा तेव्हा ज्या वऱ्हाडात होता, तिथे कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा १८९७ मध्येच झाला. शेतमालात झाकलेला भाव अन्याय करतो. खेळात सर्वांची सुरुवातीची रक्कम सारखी असल्याने तोच डावाचा भाग होतो. महाराष्ट्रातील गावोगावच्या टेनिस बॉल क्रिकेट लीगमध्ये संघांना ठरावीक गुण देऊन खेळाडूंची उघड बोली लावतात. अशा स्पर्धेत ऐनवेळी जागा रिकामी झाल्यास बंद चिठ्ठ्यांची पद्धत सहज वापरता येईल.

ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. ड्रीम११ या फँटसी खेळांच्या ऑनलाइन मंचाने सशुल्क स्पर्धा थांबवल्या. मित्रमंडळींत केवळ काल्पनिक रकमेवर चालणारी बंद बोली त्या बंदीत येत नाही.